जिंकायचे कोणाला? : एका क्रियापदाच्या कर्माचा शोध

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या पिंपळगावात एका दुकानावर मोठा फलक लागला होता. 'खरेदी करा आणि जिंका!' खाली मोटारसायकल, फ्रीज, मिक्सर यांची चित्रे. बाजार समितीत टोमॅटोचे कॅरेट उतरवून चहाला थांबलेले एक वयस्कर शेतकरी त्या फलकाकडे बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "भाऊ, हे जिंका म्हणजे कोणाला?" मला हसू आले. "बक्षीस जिंका असं म्हणायचंय त्यांना, बाबा." त्यावर ते म्हणाले, "बक्षीस लागतं. जिकायचं असतं ते समोरच्याला."

ते चहा पिऊन निघून गेले. माझ्या मागे मात्र त्यांचा प्रश्न लागला. वर्षभर मी कोश चाळले, जुने ग्रंथ उलटले, वर्तमानपत्रांचे मथळे वहीत उतरवून घेतले. त्यातून एवढे लक्षात आले, की त्या बाबांनी व्याकरणातली एक नेमकी गोष्ट पकडली होती. 'जिंकणे' या क्रियापदाचे कर्म बदलले आहे.

सकर्मक क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' असे विचारून कर्म सापडते, हे आपण शाळेतच शिकतो. 'जिंकणे'ला हे प्रश्न विचारले तर तीन वेगवेगळी उत्तरे येतात. पहिले, समोरचा माणूस : शत्रूला जिंकले. दुसरे, ज्यात सामना झाला ती गोष्ट : पैज जिंकली, डाव जिंकला, लढाई जिंकली. तिसरे, शेवटी हाती आलेली वस्तू : चषक जिंकला, पदक जिंकले, आणि आता मोटारसायकल जिंका. कोशात हे तिन्ही अर्थ एका ओळीत शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यामुळे ते एकाच वयाचे वाटतात. तसे ते नाहीत.

धातू संस्कृत 'जि'. प्राकृतात त्याचे 'जिणइ' झाले आणि जुन्या मराठीत 'जिणणे'. (आपले 'जिणे', म्हणजे आयुष्य, हे याच्यासारखे दिसते खरे, पण ते 'जीव्'पासून आलेले. दोघांचे नाते नाही. असते तर कवींची मोठीच सोय झाली असती.) मराठीतला 'जिंकणे'चा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग कोणता, असे विचारले तर वाचक ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातल्या चौदाव्या ओवीकडेच बोट दाखवतील. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधला हा ग्रंथ. ती ओवी आपण मराठीच्या अभिमानाने इतक्या वेळा म्हटली आहे, की तिच्यातल्या विभक्तीकडे लक्ष जात नाही. तिथे जिंकणारा आहे मराठी बोल. जिंकला जातो तो अमृत, आणि अमृताला द्वितीयेचा 'तें' प्रत्यय लागलेला आहे. पैज हे जिंकण्याचे साधन आहे, प्रसंग आहे. जिंकून मिळाले काय, हे ज्ञानेश्वर सांगतच नाहीत. बक्षिसाचा विषयच नाही. समोर कोण आहे, हे मात्र स्वच्छ सांगितले आहे. शिवाय हे सारे कौतुकाने चालले आहे. अमृताला कमी लेखण्याचा हेतू नाही. प्रतिस्पर्धी इतका थोर आहे, म्हणूनच त्या जिंकण्याला मोल आहे.

म्हणजे 'जिंकणे कोणाला?' हा प्रश्न त्या बाबांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. तो सातशे वर्षांहून जुना आहे.

आता आजची भाषा घ्या. भारताने ऑस्ट्रेलियाला जिंकले, असे कोणी म्हणेल का? आपण 'हरवले' म्हणतो. समोरच्या माणसाचे कर्म 'हरवणे'कडे गेले आणि 'जिंकणे'कडे उरले सामना आणि चषक. ('हरवणे'चीही गंमत अशी, की पेन हरवते ते हरवणे आणि प्रतिस्पर्ध्याला हरवतो ते हरवणे, रूप एकच. हरवलेला माणूस म्हणजे हरलेला की सापडत नसलेला, हे संदर्भाने ओळखायचे.) कुस्तीच्या भाषेत अजून समोरचा शाबूत आहे. आमच्याकडे यात्रेतल्या दंगलीत 'कुस्ती मारली' म्हणतात, पण त्याच दमात 'अमक्याला चीत केलं', 'आस्मान दाखवलं' हेही येते. पाठ कोणाची लागली हे सांगितल्याशिवाय कुस्तीची बातमी पुरी होत नाही. रेवड्यांवर लागणारी पोरांची कुस्तीसुद्धा याला अपवाद नाही.

जुनी रचना पूर्णपणे टिकली आहे ती एकाच ठिकाणी, आतल्या शत्रूच्या बाबतीत. रागाला जिंकले, इंद्रियांना जिंकले, मृत्यूला जिंकले. 'जितेंद्रिय' हा शब्द याच रचनेचा समास. 'जिन' म्हणजे जिंकणारा आणि त्याच्या मागून जाणारे ते जैन, हे सगळ्यांना माहीत असते. पण त्या जिंकण्याचे कर्म काय, हे सहसा कोणी विचारत नाही. आमच्या जिल्ह्यात मनमाडजवळ अंकाई-टंकाईला जैन लेणी आहेत. वरती किल्ला आहे, आणि तो वेळोवेळी अनेकांनी 'घेतला', 'जिंकला'. खाली लेण्यांत जिनाच्या मूर्ती आहेत. जिन म्हणजे विजेता, पण हातात शस्त्र नाही, पायाखाली कोणी पडलेला नाही. एकाच डोंगरावर एकाच धातूचे दोन अर्थ वरखाली राहतात. मी तिथे गेलो तेव्हा सोबतच्या तरुणाला हे सांगितले. तो म्हणाला, "मग यांनी जिंकलं काय?" त्यानेही 'काय'च विचारले. पिढी बदलली की प्रश्नवाचक सर्वनामही बदलते, असे तेव्हा मनात आले.

'मन जिंकणे' हा वाक्प्रचार मात्र मला संशयास्पद वाटत आला आहे. स्वतःचे मन जिंकायचे, ही संतांची भाषा. दुसऱ्याचे मन, तेही प्रेक्षकांचे, ग्राहकांचे, मतदारांचे जिंकायचे, ही वेगळीच मोहीम. शब्द तेच, पण बाणाचे टोक फिरले.

कर्माच्या या गोष्टीला जोडून कर्त्याचीही एक गोष्ट आहे, आणि व्याकरणाच्या वाचकांना ती अधिक रुचेल. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते. त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली. पण काही क्रियापदे सकर्मक असूनही हा नियम जुमानत नाहीत. ती गाणे शिकली. तो नाव विसरला. मी पाणी प्यालो. इथे 'ने' नाही आणि क्रियापद कर्त्याच्या लिंगाने चालते. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगांचा जो विस्तृत विचार केला आहे, तो वाचताना अशा क्रियापदांचा घोळ किती जुना आहे ते कळते.

'जिंकणे' या घोळक्यात अर्धे आत, अर्धे बाहेर उभे आहे. 'तो पैज जिंकला' हेही बरोबर आणि 'त्याने पैज जिंकली' हेही बरोबर. जुन्या माणसांच्या तोंडी मला पहिले अधिक ऐकू येते, वर्तमानपत्रात दुसरे अधिक दिसते. पण 'तो चषक जिंकला' मात्र कानाला खटकते; तिथे 'त्याने चषक जिंकला' असेच हवे. उलट 'हरणे' बहुधा 'ने'च्या वाटेला जात नाही : तो पैज हरला, ती डाव हरली.

असे का, यावर माझा एक तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. शिकणे, विसरणे, पिणे या क्रियांनी करणाराच बदलतो. गाणे शिकल्याने गाण्याचे काही होत नाही, शिकणारीचे होते. पैज जिंकण्याचेही तसेच. पैजेचे काही होत नाही. ती लावणारा माणूस जिंकलेला होऊन उठतो. म्हणून क्रियापद त्याच्याकडे बघून चालते. चषकाचे तसे नाही. चषक एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि क्रियापद त्या वस्तूकडे बघते. हरण्यात हाती काहीच येत नसल्यामुळे तिथे क्रियापदाला माणसाशिवाय बघायला दुसरे कोणी नसते. थोडक्यात, 'ने' आला की विजय आणि विजेता यांच्यात एक फट पडते. बाबांच्या त्या फलकावर 'ने' नव्हता, कारण ती आज्ञा होती. पण त्या आज्ञेचे भूतकाळी रूप 'त्याने गाडी जिंकली' असेच होणार.

मग हा 'जिंकणे'चा पसारा वाढण्याआधी मराठी माणूस यश सांगत कसा होता? ही यादी करू लागलो आणि चकित झालो. नोकरी लागली. लॉटरी लागली. निकाल आपल्या बाजूने लागला. पोरगी पहिली आली. ठेका मिळाला. भाव पदरात पडला. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून पदक 'आणलं', असे आमच्याकडचे जुने पैलवान म्हणत. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' या घोषणेतले क्रियापद 'होणे' आहे. १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांदा-उसाच्या भावासाठी आमच्या दारावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता अडवला. त्या आंदोलनाविषयी बोलताना लोक भाव 'मिळाला' म्हणतात, 'जिंकला' नाही. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये प्राण देऊन घेतलेल्या कोंढाण्याविषयी जे वचन परंपरेने सांगितले जाते आणि हरी नारायण आपट्यांनी कादंबरीला नाव म्हणून दिले, त्यात गड 'आला' आहे आणि सिंह 'गेला' आहे. बखरींत 'फत्ते' आहे, 'काबीज' आहे, 'सर करणे' आहे. त्यातले 'फत्ते' अरबीतून आले, आणि तिथे 'फतह'चा मूळ अर्थ उघडणे.

येणे, लागणे, मिळणे, होणे : ही सारी अकर्मक किंवा अर्धवट अकर्मक क्रियापदे. काही जण याला मराठी माणसाचे दैववादी दुबळेपण म्हणतील. मला ते पटत नाही. या क्रियापदांत एक हिशेबीपणा आहे. आपल्या हातात किती होते आणि किती नव्हते, याचा तो हिशेब आहे.

त्याचे जवळचे उदाहरण आमच्या शेजारच्या चांदवड तालुक्यातले, तळेगाव रोहीचे. तिथला दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला एकेरी नौकानयनासाठी गेला. पाण्याच्या दुष्काळाच्या गावातला मुलगा वल्हवण्यात ऑलिम्पिकला! तिथे तो 'क' गटाच्या अंतिम शर्यतीत पहिला आला आणि एकूण क्रमवारीत तेरावा आला. आता सांगा, तो आपली शेवटची शर्यत जिंकला की नाही? 'जिंकला' म्हटले तर अर्धसत्य, 'जिंकला नाही' म्हटले तरी अर्धसत्य. 'आला' मात्र दोन्ही ठिकाणी चपखल बसते : पहिला आला, तेरावा आला. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्याने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा 'जिंकले' म्हणायला कोणालाच अडचण नव्हती. रिओसाठी शब्द शोधताना वार्ताहरांची तारांबळ उडाली असणार. त्यांच्याकडे जो शब्द होता तो एक तर पूर्ण होता किंवा शून्य.

बाजार समितीच्या आवारातही हेच. कांद्याचा ट्रॅक्टर उभा राहतो, व्यापारी भोवती जमतात, बोली चढत जाते आणि एकाच्या आकड्यावर थांबते. इंग्रजी पद्धतीने बघितले तर त्या व्यापाऱ्याने लिलाव 'जिंकला'. इथे असे कोणी म्हणत नाही. 'कितीने गेला?' असे विचारतात. कर्ता कांदा. बोली चढवणारे आपसांत कितीही चढाओढ करोत, वाक्यात माल आहे आणि माल पिकवणारा त्याच्या शेजारी उभा आहे. आता कंपन्या कंत्राटे 'जिंकतात' असे आर्थिक पानांवर येऊ लागले आहे. त्यात माल कोणाचा, रस्ता कोणाच्या गावातून जाणार, हे वाक्यात कुठेच नसते.

हे सारे मी शब्दांची हौस म्हणून लिहीत राहिलो असतो, पण निवडणुकीपाशी येऊन थांबावे लागले.

मराठीत निवडणुकीसाठी जो शब्दप्रयोग रुळला तो 'निवडून येणे'. त्याच्या उलट 'पडणे'. 'कोण आलं?' 'आपला आला.' 'तो पडला.' गावात अजूनही हेच ऐकू येते. फार तर 'गुलाल कोणाचा?' असे विचारतात. 'निवडणे' हा मूळचा घरातला शब्द. गहू निवडतात, तांदूळ निवडतात, भाजी निवडतात. सूप किंवा ताट घेऊन बसलेली बाई खडे बाजूला करते आणि चांगले ते मागे ठेवते. 'निवडून आला' या वाक्यात तो ताट घेऊन बसलेला हात मतदाराचा आहे. उमेदवार हा त्या ताटातला दाणा. क्रिया मतदाराची, येणे तेवढे उमेदवाराचे. लोकशाहीची इतकी अचूक व्याख्या दुसऱ्या कुठल्या दोन शब्दांत झाली असेल असे मला वाटत नाही.

'अमक्याने निवडणूक जिंकली' म्हटले, की तो हात नाहीसा होतो. क्रिया उमेदवाराची झाली. आणि एकदा जिंकणे आले की त्याच्यामागून लढाईचे सगळे सामान येते : बालेकिल्ला, गड राखला, गडाला खिंडार, मुसंडी, धूळ चारली. वर्षभराच्या माझ्या वहीत अशा मथळ्यांची पाने भरली आहेत. त्यातला एक प्रकार तर मला अजून बोचतो. 'अमक्या पक्षाने तालुका जिंकला.' इथे कर्म आहे तालुका. म्हणजे आम्ही. जुन्या रचनेतले 'कोणाला?' परत आले, पण समोरच्या उमेदवाराच्या जागी आता मतदार बसला आहे. ज्याने निवडले तोच जिंकला गेला!

कोणी म्हणेल, मथळ्यात जागा कमी असते, एवढे मनाला लावून घेऊ नये. जागेचेच म्हणाल तर 'आले' हा शब्द 'जिंकले'पेक्षा लहान आहे.

जिंकल्या गेलेल्याने उठून प्रश्न विचारल्याचे एक उदाहरण आपल्या वारशात आहे. महाभारताच्या सभापर्वात प्रत्येक फाशानंतर शकुनी एकच शब्द उच्चारतो : 'जितम्'. जिंकले. कोणाला, कशाला, काही नाही. नपुंसकलिंगी एक शब्द. संपत्ती जाते, राज्य जाते, भाऊ जातात, युधिष्ठिर स्वतः जातो, शेवटी द्रौपदी. आणि द्रौपदी विचारते ते नेमके या शब्दाच्या पोटातले आहे : तो आधी स्वतःला हरला की मला? स्वतःच जिंकला गेलेला माणूस दुसऱ्याला पणाला लावणारा कर्ता उरतो का? सभेत थोर थोर माणसे होती, उत्तर कोणालाच देता आले नाही. इरावती कर्वे यांना 'युगान्त'मध्ये (१९६७) हा प्रश्न विचारणे हीच द्रौपदीची चूक वाटली. कायद्याचा काथ्याकूट न करता तिने शालीनतेच्या नावाने दाद मागायला हवी होती, असे त्यांचे म्हणणे. इरावतीबाईंचा अधिकार मोठा आणि 'युगान्त'ने मला वाचायला शिकवले, तरी इथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. 'जितम्' एवढ्या एका शब्दात सगळा व्यवहार बंद होत होता, तो तिच्या प्रश्नाने उघडला. दया मागितली असती तर 'जितम्' तसेच खरे राहिले असते.

द्यूताचा विषय निघाला आहे आणि हा अंक दिवाळीचा. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी पार्वतीने शंकराला फाशांत हरवल्याची कथा सांगतात, आणि जो त्या दिवशी जिंकेल त्याला वर्ष चांगले जाईल असे मानतात. पण आमच्या शेतकरी वस्तीत या दिवसाला ओळखतात ते बळीच्या नावाने. तीन पावलांत सगळे गमावलेल्या राजाच्या नावाने. त्या कथेतली क्रियापदे पाहा. वामनाने 'मागितले', बळीने 'दिले', वामनाने त्याला पाताळात 'घातले'. वामनाने बळीला जिंकले, असे सांगणारी म्हातारी मला अजून भेटलेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त ही कथा उलटी करून वाचली आणि बळीला न्यायी राजा, वामनाला आक्रमक म्हटले. त्यांच्या वाचनाला लोकांच्या तोंडात आधीपासून जागा होती, कारण या घरांमध्ये हरलेल्याच्या बाजूने बोलले जातच होते.

'बळी' शब्दाचे पुढे जे झाले तेही बघण्यासारखे आहे. राजाचे नाव बळी. बलवान तो बळी. देवीपुढे कापतात तो बळी. क्रिकेटच्या बातमीत गोलंदाज पाच बळी घेतो. अपघातात बळी जातात. आणि शेतकऱ्याला कौतुकाने म्हणतात बळीराजा. आमच्या भागात द्राक्षाचा बाग गारपिटीत गेला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'बळीराजा' येतोच. तो शब्द राजाचा म्हणून वाचायचा की कापलेल्याचा म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पाडव्याला ओवाळताना बायका म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. राज्य 'येवो' म्हणतात.

त्या दुकानाची सोडत दिवाळीनंतर झाली. दुकानाबाहेर 'भाग्यवान विजेते' म्हणून नावांचा कागद लागला. ज्याला मोटारसायकल मिळाली तो शेजारच्याच गावचा निघाला. चहाच्या टपरीवर बातमी आली ती अशी : "त्याला गाडी लागली." टपरीवाल्याने विचारले, "कोणती?"